चार जोड्यांची केबल

घरात तीनशे एमबीपीएसचे कनेक्शन येते, राऊटरही नवा येतो, पण स्पीड टेस्टचा काटा ९४-९५च्या पुढे हलत नाही. कंपनीला फोन होतो, राऊटर दहादा बंद-चालू होतो, सगळ्यांचे बोट वायफायकडे जाते. मग एखादा जाणकार राऊटरला लावलेल्या लॅन केबलचे टोक उपसतो, उजेडात धरून पाहतो आणि सांगतो, कनेक्टर पुन्हा मारावा लागेल. पाच-दहा रुपयांचा तो प्लॅस्टिकचा तुकडा बदलला की काटा सरळ तीनशेकडे जातो. इथे ९४ हा आकडा योगायोगाने येत नाही. केबलमधल्या आठ तारांपैकी ४, ५, ७, ८ यांतली एखादी सुटली की दोन्ही टोकांची यंत्रे गिगाबिटचा नाद सोडून शंभर मेगाबिटच्या जुन्या पद्धतीवर उतरतात. शंभर मेगाबिटच्या जोडणीतून पॅकेटांवरचे पत्ते आणि बाकीचा लवाजमा वजा केला, की वापरणाऱ्याच्या पदरात साधारण ९४-९५च पडतात. तो आकडा दिसला की आधी केबलवर संशय घ्यावा.

लॅन केबल स्वतः तयार करणे आणि तयार झालेली केबल नीट तपासणे, एवढाच या पुस्तिकेचा विषय. तो लहान दिसतो, शिकायलाही सोपा वाटतो. पहिल्या दिवशीच हात बसू लागतो, आणि म्हणूनच बरेच जण तिथे थांबतात. रंगांचा क्रम पाठ झाला, टेस्टरचे आठही दिवे लागले, आता शिकण्यासारखे काय उरले, असे त्यांना वाटते. या पुस्तिकेची खरी सुरुवात त्याच ठिकाणी होते. केबलमध्ये तारा आठ असल्या तरी ती चालते चार जोड्यांवर. कोणती तार कोणत्या तारेशी पिळलेली आहे आणि तो पीळ शेवटपर्यंत टिकला आहे का, या दोन प्रश्नांवर केबलचे बरेवाईट ठरते. आठ दिव्यांचा टेस्टर या दोन्ही प्रश्नांना उत्तर देत नाही.

तारांची जोडी पिळण्याची युक्ती संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या टेलिफोनला जाताना एक तार आणि येताना जमीन, असा मामला होता. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या तारांतले बोलणे आणि विजेची खरखर संभाषणात मिसळत असे. दोन तारा घेऊन त्या एकमेकींभोवती पिळल्या, की बाहेरून येणारा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखा पडतो. पलीकडचे यंत्र या दोन तारांमधला फरक तेवढा वाचते. दोघींवर सारखे पडलेले असते ते वजाबाकीत निघून जाते. आजची गिगाबिटची केबल याच वजाबाकीवर चालते. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, तोही याचसाठी. केबल सोलून पाहिली तर एक जोडी घट्ट आणि दुसरी सैल पिळलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. सगळ्यांचा पीळ सारखा असता तर शेजारच्या जोड्यांच्या त्याच त्या तारा पुन्हापुन्हा समोरासमोर आल्या असत्या आणि एकीचा संदेश दुसरीत उतरला असता, चाळीत शेजारच्या खोलीतले बोलणे भिंतीतून ऐकू यावे तसा.

संगणकांच्या जाळ्यात ही पिळलेली जोडी उशिरा आली. रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात इथरनेटचे टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ते जाळे उभे केले, तेव्हा त्यांनी वापरली ती कोअ‍ॅक्शियल केबल. त्या पहिल्या जाळ्याचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. पुढे दहा मेगाबिटसाठी जी जाड केबल प्रमाण ठरली तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असे आणि त्या खुणेवरच भोक पाडून संगणकाची जोडणी टोचावी लागे. मग बारीक कोअ‍ॅक्स आली. तिच्यात प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे टी आकाराचा बीएनसी कनेक्टर आणि ओळीच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर असत. एकाने टेबल सरकवताना टी उपसला की ओळीतले सगळे संगणक बसायचे. नव्वदच्या दशकात ऑफिसचे नेटवर्क सांभाळलेल्यांना टर्मिनेटर शोधत टेबलांखाली घातलेले तास आठवत असतील.

१९९० साली टेन-बेस-टी हे प्रमाण आले आणि इथरनेट टेलिफोनच्या जातीच्या पिळलेल्या तारांवर उतरले. प्रत्येक संगणकाची केबल स्वतंत्रपणे हबपर्यंत जाऊ लागली. एक केबल तुटली तर एकच संगणक बंद, बाकीच्यांना पत्ताही लागत नसे. १९९५ साली कॅट ५ या दर्जाच्या केबलवर शंभर मेगाबिट आले आणि १९९९ साली त्याच केबलवर गिगाबिट. या शेवटच्या पायरीने केबल करणाऱ्याचे काम बदलले. दहा मेगाबिट आणि घरोघरी पोचलेले शंभर मेगाबिट चारपैकी दोनच जोड्यांवर चालत. त्यांना १, २, ३ आणि ६ या चार तारा नीट लागल्या की पुरे. गिगाबिटने चारही जोड्या कामाला लावल्या आणि प्रत्येकीवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी सुरू केली.

दोन जोड्या रिकाम्या असण्याच्या त्या काळाच्या खुणा अजून इमारतींत सापडतात. केबलवाल्यांनी गल्लोगल्ली इंटरनेट द्यायला सुरुवात केली तेव्हा काही ठिकाणी एकाच केबलमधल्या दोन जोड्या एका घराला आणि दोन शेजारच्या घराला दिल्या गेल्या. तेव्हाच्या वेगाला ते पुरेसे होते. आज त्याच भिंतीतल्या केबलवर कोणी गिगाबिटची अपेक्षा ठेवली तर ती पुरी होणे शक्यच नाही, राऊटर कितीही महागाचा आणला तरी.

आता रंगांकडे. भारतात जवळजवळ सगळीकडे टी५६८बी हा क्रम चालतो. कनेक्टरची खिट्टी खाली, सोनेरी पत्ते वर आणि केबल आपल्या बाजूने आत जाणारी, असे धरले तर डावीकडून क्रम येतो तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टी५६८ए या दुसऱ्या क्रमात हिरव्या आणि नारिंगी जोडीची अदलाबदल होते, बाकी सगळे तेच. वीज आणि संदेश यांना रंग कळत नाहीत, त्यामुळे दोन्ही क्रम गुणाने सारखेच आहेत. दोन्ही टोकांना एकच क्रम हवा आणि इमारतीत एकदा जो धरला तो शेवटपर्यंत पाळायला हवा. पूर्वी दोन संगणक थेट जोडायचे तर एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला बी अशी क्रॉस केबल करावी लागे. आजची यंत्रे ती उलटापालट स्वतःच करून घेतात, म्हणून क्रॉस केबल या पुस्तिकेत एका पानात आटोपली आहे.

नवशिक्याला खटकते ते वेगळेच. बाकीच्या तिन्ही जोड्या शेजारी-शेजारी बसतात आणि हिरवी तेवढी फाकून निळ्या जोडीच्या अल्याड-पल्याड, ३ आणि ६ वर का बसते? याचे उत्तर टेलिफोनमध्ये आहे. टेलिफोनचा लहान प्लग याच जातीचा. त्याच्या मधल्या दोन तारांवर पहिली लाइन आणि तिच्या दोन बाजूंच्या तारांवर दुसरी लाइन अशी रचना होती. आठ तारांच्या सॉकेटात तोच लहान प्लग बसला तर मधल्या ४-५ वर टेलिफोन मिळावा, आणि ३-६ वर दुसरी लाइन, म्हणून या दोन जोड्यांची ती जागा राखली गेली. हीच पद्धत पुढे चालवली असती तर तिसरी जोडी २-७ वर आणि चौथी १-८ वर गेली असती. तारांमध्ये एवढे अंतर पडले तर वेगवान संदेशाला ते मानवत नाही. म्हणून उरलेल्या दोन जोड्या १-२ आणि ७-८ अशा शेजारी बसवल्या. हा क्रम ज्याने नुसता घोकला आहे तो कधी ना कधी अडखळतो. ज्याला हे कारण माहीत आहे त्याचा हात हिरव्या जोडीपाशी आपोआप सावध होतो.

घोडे अडते तेही इथेच. समजा, एखाद्याने तर्क लढवला की चार जोड्या आहेत तर त्या एकापाठोपाठ एक बसवू: १-२ नारिंगी, ३-४ हिरवी, ५-६ निळी, ७-८ तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखा क्रम ठेवला. टेस्टर लावला. १ ते ८ दिवे ओळीने लागले, दोन्ही टोकांच्या डब्यांवर सारखे. केबल पास! पण यंत्र ३ आणि ६ या दोन तारांना जोडी समजून त्यांच्यावर संदेश पाठवते, आणि आता ३ वर हिरव्या जोडीतली एक तार आहे तर ६ वर निळ्या जोडीतली. या दोघी एकमेकींशी पिळलेल्याच नाहीत. वजाबाकी बिघडते. शिवाय ३ ची खरी जोडीदारीण ४ वर दुसऱ्याच संदेशात गुंतलेली असते, आणि तो संदेश पिळातून सरळ ३ मध्ये उतरतो. या दोषाला स्प्लिट पेअर म्हणतात. केबल दीड-दोन मीटरची असेल तर ती चालूनही जाईल. तीस-चाळीस मीटरच्या केबलवर मात्र कधी जोडणी तुटते, कधी वेग घसरतो, कधी सीसीटीव्हीचे चित्र गोठते, आणि केबल सोडून बाकी सगळे बदलून पाहिले जाते, कारण केबल तर "टेस्ट करून घेतलेली" असते. लेखकाने या एका दोषाला अख्खे प्रकरण दिले आहे, ते योग्यच केले. हातच्या केबलींतला हा सर्वांत फसवा दोष आहे.

साधा टेस्टर एका टोकाकडून एकेका तारेत थोडी वीज सोडतो आणि ती पलीकडे त्याच क्रमांकावर निघाली का, एवढेच पाहतो. तार तुटली असेल, दोन तारा चिकटल्या असतील, क्रम चुकला असेल, तर तो ते बिनचूक सांगतो, आणि दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूकडून एवढे मिळणे कमी नाही. पीळ त्याला दिसत नाही, कारण त्याची वीज संथ आहे. गिगाबिटमध्ये प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हे धावतात. केबलचा कस त्या वेगाला लागतो. स्प्लिट पेअर पकडणारे टेस्टर मिळतात, पण ते विकत घेताना तसे विचारून घ्यावे लागते. आणि एक सूचना, जी पहिल्याच पानावर ठळक छापावी इतकी महत्त्वाची: पीओई स्विचच्या, म्हणजे लॅन केबलमधूनच वीजही पुरवणाऱ्या स्विचच्या, चालू पोर्टला असला टेस्टर कधीही लावू नये. त्या तारांवर पन्नास व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो आणि टेस्टर जागच्या जागी जळू शकतो.

प्रत्यक्ष कनेक्टर मारण्याचे काम दोन-तीन मिनिटांचे आहे, पण त्या मिनिटांत पाहण्यासारखे बरेच असते. बाहेरचे आवरण तीनेक सेंटिमीटर सोलायचे. पाते हलके फिरवायचे, नाहीतर आतल्या तारेच्या रंगीत वेष्टणाला चीर पडते आणि ती चीर महिन्यांनी डोके वर काढते. कॅट ६ असेल तर चार जोड्यांच्या मधोमध प्लॅस्टिकची चौफुली असते, ती मुळापाशी कापायची. आता जोड्या उलगडून तारा चिमटीत सरळ करायच्या, बोटांनी दोन-चार वेळा मागेपुढे वाकवून त्यांचा पिळाचा हट्ट मोडायचा आणि क्रमाने शेजारी-शेजारी चपट्या लावायच्या. मग कात्री. आवरणाच्या कडेपासून पुढे जेमतेम तेरा मिलिमीटर राहतील अशा सगळ्या एका रेषेत कापायच्या. हा आकडा मनाचा नाही. पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये, असे प्रमाणच सांगते. आठही तारा कनेक्टरच्या खाचांतून आत ढकलायच्या आणि कनेक्टर नाकासमोर धरून पाहायचे: समोरच्या भिंतीला आठ तांबड्या ठिपक्यांची ओळ टेकलेली दिसली पाहिजे. एकही ठिपका मागे राहिला असेल तर सगळे बाहेर काढून पुन्हा. बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत इतके शिरलेले हवे की मागची पाचर त्याच्यावर बसेल. ती पाचर तारांवर बसली तर केबलला बसणारा प्रत्येक ओढा थेट तारांवर येतो. एवढे जुळले की क्रिंपिंग टूल शेवटपर्यंत दाबायचे. आठ सोनेरी पत्ते वेष्टण भेदून तांब्यात शिरतात.

बाजारात हल्ली आरपार कनेक्टर मिळतात. त्यांत तारा समोरून बाहेर काढून क्रम तपासता येतो आणि टूलच त्या कापते. शिकणाऱ्याला ते सोयीचे आहेत. फक्त टूल त्याच जातीचे हवे आणि त्याचे पाते धारदार हवे, नाहीतर कापलेली टोके समोर एकमेकींना टेकतात.

केबल दोन जातींची असते, हे दुकानात फारसे कोणी सांगत नाही. भिंतीतून न्यायच्या केबलमध्ये प्रत्येक तार अखंड असते. टेबलावर वाकणाऱ्या पॅच कॉर्डमध्ये ती बारीक तंतूंची असते. अखंड तार अंतर चांगले कापते पण रोज वाकवली तर तुटते. दोघींना लागणारे कनेक्टरचे पत्तेही वेगळे. अखंड तारेसाठी पत्त्याचे दात तारेच्या दोन्ही अंगांनी बसतात, तर तंतूंच्या तारेत ते मधोमध घुसतात. या बाबतीत पुस्तिकेने घेतलेली भूमिका सरळ आहे. लॅपटॉपपासून भिंतीपर्यंतची दोन मीटरची कॉर्ड विकत घ्यावी, कारखान्यातली चांगली मिळते आणि स्वस्तही पडते. भिंतीतली केबल स्वतः ओढावी आणि तिच्या दोन्ही टोकांना कनेक्टर न मारता भिंतीतले जॅक बसवावेत. केबल स्वतः करण्याचे खरे कारण पैसा हे नाहीच. हवी ती लांबी मिळते, आणि साडेअकरा मिलिमीटर रुंदीचा कनेक्टर ज्या पाइपातून जात नाही त्यातून पाच-सहा मिलिमीटरची नुसती केबल जाते. अंतराची मर्यादा सगळ्यांना माहीत असते, १०० मीटर. त्यात ९० मीटर भिंतीतले आणि दोन्हीकडच्या कॉर्ड मिळून १० मीटर, हा हिशेब मात्र विसरला जातो.

आता तांब्याविषयी, कारण सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल, जिला बाजारात सीसीए म्हणतात, दिसायला हुबेहूब तांब्याची असते. ती स्वस्त असते आणि खोकेही उचलायला हलके लागते, कारण अ‍ॅल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कॅट ५ई किंवा कॅट ६ या प्रमाणांत सीसीए बसतच नाही, खोक्यावर काहीही छापलेले असो. अ‍ॅल्युमिनियम विजेला दीडपटीहून अधिक रोध करते, वाकवले की लवकर तुटते आणि कनेक्टरच्या पत्त्यापाशी त्यावर गंजासारखा थर चढतो. पीओईचा कॅमेरा लावला तर हा रोध उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. पीओईचे प्रमाण २००३ साली १५.४ वॉटपासून सुरू झाले आणि २०१८ साली ९० वॉटपर्यंत गेले. जुडी करून बांधलेल्या केबलींत एवढी वीज खेळवायची तर तार अस्सल तांब्याचीच हवी.

ओळखायचे कसे? तारेच्या टोकाला ब्लेडने खरवडले आणि आत चंदेरी दिसले की निकाल लागला. त्याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची. चोवीस गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध शंभर मीटरला साडेआठ ओहमच्या आसपास असतो आणि प्रमाणाने घातलेली कमाल मर्यादा ९.३८ ओहम आहे. पन्नास मीटरच्या केबलमध्ये एका टोकाला जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळून दुसऱ्या टोकाला मीटर लावला तर आकडा नऊच्या जवळपास यायला हवा. तेरा-चौदा आला तर ते तांबे नाही. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, म्हणून दोन्ही टोकांच्या आकड्यांची वजाबाकी केली की लांबी कळते, मोजपट्टी लागत नाही. पुण्यात १९५८ साली सुरू झालेली फिनोलेक्स केबल्स लॅन केबल करते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे ३०५ मीटरचे खोके सहज मिळते. चांगला माल आपल्याकडे दुर्मीळ आहे म्हणून कोणी सीसीए घेते, असे म्हणता येत नाही. दुकानदाराला "शुद्ध तांबे आहे का" असे विचारून ते बिलावर लिहून घ्यावे.

केबल ओढताना आपल्याकडची एक सवय मोडायला हवी: विजेच्या पाइपातूनच लॅन केबल घालून देणे. दोनशे तीस व्होल्टच्या तारांशेजारी ती लांबवर समांतर जाते, गोंगाट घेते, आणि उंदराने किंवा ड्रिलने दोन्हींचे वेष्टण फोडले तर जिवावर बेतू शकते. पाइप वेगळाच हवा, आणि विजेच्या तारांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. दोन इमारतींमध्ये गच्चीवरून तांब्याची केबल टाकणे हे विजेला आमंत्रण आहे. आसपास वीज कडाडली तरी दोन्हीकडच्या स्विचचे पोर्ट जाऊ शकतात. दोन इमारती जोडायच्या तर फायबर टाकावी. बाहेरच्या भिंतीवरून थोडे अंतर न्यायचेच असेल तर काळ्या आवरणाची, उन्हापावसासाठी केलेली केबल वापरावी. घरातल्या करड्या केबलचे आवरण काही उन्हाळ्यांत तडकते आणि पाणी तारांमधून चालत थेट घरातल्या पोर्टापर्यंत येते.

पुस्तिकेचा उत्तरार्ध तपासणीचा आहे, आणि तो पूर्वार्धाइतकाच मोठा असणे हेच तिचे बलस्थान. आठ दिव्यांच्या पुढची पहिली परीक्षा फुकट आहे: केबल लावल्यावर संगणक जोडणीचा वेग किती दाखवतो ते पाहणे. एक गिगाबिट असे दिसले तर चारही जोड्या निदान बोलत आहेत. शंभर दिसले तर कनेक्टर पुन्हा मारायचा. दुसरी परीक्षा दोन संगणकांमध्ये आयपर्फ हा मोफत प्रोग्राम चालवण्याची. गिगाबिटच्या निरोगी केबलवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो आणि स्थिर राहतो. तो चालू असताना केबलची टोके हळूच हलवावीत. आकडा कोसळला तर दोष कुठे आहे ते हाताखालीच सापडले. तिसरी परीक्षा कमी लोक करतात: संगणकावर किंवा मॅनेज्ड स्विचवर त्या पोर्टच्या चुकांची मोजणी पाहायची. लाखो पॅकेटे गेल्यावरही सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा शून्यावर असेल तर केबलवर विसंबावे. तो वाढत असेल तर पिंग कितीही छान दिसो, केबल आजारी आहे. पिंगची पॅकेटे लहान आणि विरळ असतात, त्यांच्या नजरेतून दोष निसटतो.

तुटलेली तार नेमकी कुठे तुटली, हे सांगणारी यंत्रेही आहेत. ती तारेत एक ठोका सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतात. तांब्याच्या केबलमध्ये संदेश एक मीटर जायला साधारण पाच नॅनोसेकंद घेतो. तिसाव्या मीटरला तार तुटली असेल तर ठोका जाऊन परत येईपर्यंत तीनशे नॅनोसेकंद होतात. हेच मोजमाप आता अनेक मॅनेज्ड स्विचांत आणि काही नेटवर्क कार्डांत आत दिलेले असते, ज्यांच्याकडे ते असते त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते कधी उघडलेले नसते. आणि सर्वांत वर सर्टिफायर. कॅट ६ची केबल तो २५० मेगाहर्ट्झपर्यंत तपासतो. एका जोडीचा संदेश दुसरीत किती उतरतो, किती परत उलटतो, वाटेत किती क्षीण होतो, चार जोड्यांचे संदेश किती मागेपुढे पोचतात, हे सगळे मोजून प्रमाणाशी ताडतो. त्याची किंमत लाखांत आहे. घराला त्याची गरज नाही. शाळेची लॅब, रुग्णालय, मोठे ऑफिस इथे शेकडो केबली भिंतीत जाणार असतील तर कंत्राटदाराकडून प्रत्येक केबलचा सर्टिफायरचा अहवाल मागितलाच पाहिजे. पैसे देणाऱ्याचा तो हक्क आहे आणि आपल्याकडे तो फार कमी वेळा बजावला जातो.

आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्कचा ट्रेड शिकणारे विद्यार्थी, सोसायटीचे काम अंगावर घेतलेले सभासद, शाळेची संगणक लॅब सांभाळणारे शिक्षक आणि स्वतःच्या घरातली एक खोली नीट जोडू पाहणारे गृहस्थ, अशा सगळ्यांना ही पुस्तिका उपयोगी पडेल. पहिले प्रकरण उघडण्याआधी क्रिंपिंग टूल, टेस्टर, साधा मल्टिमीटर, वीस-पंचवीस कनेक्टर आणि दहा मीटर तांब्याची केबल जवळ आणून ठेवा. पहिले काही कनेक्टर कापून टाकावे लागतील, ते बिनदिक्कत कापा. मधल्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे एक केबल मुद्दाम स्प्लिट पेअरची करून तिच्यावर टेस्टर आणि आयपर्फ दोन्ही चालवून पाहा. आणि भिंतीत जाणारी प्रत्येक केबल प्लॅस्टर होण्याआधी तपासा, तिची लांबी आणि रोध तारखेसह एका वहीत लिहा, आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक डकवा.